बाहेरचा लूप

इंडोनेशियातल्या सेमारांगमधल्या त्या नव्या हॉटेलात अजून एकही पाहुणा उतरला नव्हता. फोनची चाचणी घ्यायला भरदुपारी दोघंच आली होती. रेत्नो तळमजल्यावर लॅपटॉपपाशी बसली होती आणि तिचा सहकारी विस्नू सगळ्यात वरच्या, सातव्या मजल्यावर होता.

तिचा पायथन प्रोग्रॅम वरून खाली, मजल्यामागून मजला घेत प्रत्येक खोलीतला फोन वाजवायचा: बाहेरचा लूप, म्हणजे फेरा, मजल्यांचा आणि त्याच्या आतला खोल्यांचा. कुणी उचलला की सगळं थांबायला हवं होतं.

विस्नूने तिसऱ्या खोलीतला फोन उचलला. तरी सहाव्या मजल्यावर घंटा वाजू लागली.

"म्बाक रेत्नो," जावानीजमध्ये ताई म्हणत तो मोबाइलवर हसला, "तुमची थांबायची आज्ञा, तो ब्रेक, आतल्याच लूपमधून बाहेर पडलाय. खोल्या थांबल्या, मजले चालूच! सगळं एका फंक्शनमध्ये टाका आणि तिथून रिटर्न करा, म्हणजे दोन्ही लूप एकदम थांबतील."

"कळलं रे शहाण्या! वाजू देत सगळे, मग बदलते."

पण सहाव्या मजल्यावरची घंटा मध्येच थांबली. स्क्रीनवर ओळ उमटली: मजला ६, उचलला.

"इतक्यात खाली आलास?"

"छे, मी सातव्यावरच आहे."

मजला ५, उचलला. मजला ४, उचलला. घंटा दर वेळी जवळून ऐकू येत होती. रेत्नोने प्रोग्रॅम थांबवायच्या कळा दाबल्या, पुन्हा पुन्हा दाबल्या. ओळी येतच राहिल्या.

"म्बाक, तिथून निघा!" विस्नू ओरडला.

मजला १, उचलला.

तळमजल्यावर एकच फोन होता, तिच्या कोपराशी. तो एकदा वाजला आणि थांबला.

तिचे दोन्ही हात कीबोर्डवरच होते.