सहावा वाटा

दरीतून मृतदेह वर काढला की दुसऱ्या दिवशी बचाव पथकातले सहाही जण कार्यालयात जमत. खाली उतरलेल्या माणसाची आठवण यंत्र सहाही जणांना दाखवी आणि तिचा भार त्यांच्यात वाटून देई, म्हणजे ती एकट्याला छळत नसे. निरंजन पारठे मात्र तीन वर्षं कपाळाला यंत्राची पट्टी लावून गुपचूप नकाराचं बटण दाबत होता. त्याचा वाटा खाली उतरलेल्याकडेच परत जाई, आणि खाली बहुतेक वेळा तुळशीरामदादाच उतरत.

आज वाटणी झाल्यावर दादांनी राजीनामा लिहिला. खोलीत त्यांच्यासोबत निरंजन एकटाच उरला होता.

"दोर हातात धरवत नाही रे," दादा म्हणाले. "तुम्ही सगळे वाटा उचलता, तरी मीच कसा खचलो? लाज वाटते."

"दादा, मी एकदाही वाटा घेतलेला नाही," निरंजन खाली मान घालून म्हणाला.

दादांनी पट्टी त्याच्यापुढे सरकवली. "कालचा घे."

निरंजननं होकाराचं बटण दाबलं आणि त्याला दादांच्या डोळ्यांनी दिसू लागलं. दोराला लटकून दादा एका मुलीला चादरीत गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं. कड्यावर चौघं वाकून दोर सांभाळत होते. पाचवा तोंड फिरवून उभा होता. तो निरंजन होता.

आज सकाळी वाटणीत हे त्या चौघांनीही पाहिलं होतं. तरीही नंतर त्यांनी त्याला नेहमीसारखी चहाला हाक मारली होती.