चौदा दिवसांची नोंद

“सात नंबर, बिभीषण खेतमाळीस!” अशी हाक आली आणि बाकावरून उठल्या त्या रतनबाई. एकट्याच. मागून म्हातारा येईल म्हणून पंकजा सिस्टर दार धरून उभी राहिली, पण मागे कोणी असेल तर ना!

केडगावच्या त्या दवाखान्यात महिन्यातला एक शनिवार पेसमेकरवाल्यांचा. कंपनीचा माणूस पुण्याहून बॅगेएवढं मशीन घेऊन येतो, छातीवर एक चकती ठेवतो, आणि आतलं यंत्र गेल्या काही महिन्यांत हृदयानं काय काय उद्योग केले ते सगळं भडाभडा सांगून टाकतं. बिभीषणरावांच्या कार्डावर आजची तारीख होती. तारीख चुकवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दरडावून सांगितलेलं. म्हणून रतनबाई मिरजगावहून सकाळच्या पहिल्या एसटीनं आल्या होत्या.

“काका कुठेत, मावशी?” डॉक्टर यामिनींनी विचारलं.

रतनबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकण उघडलं. आत कापूस, आणि कापसावर काडेपेटीएवढं ते यंत्र.

“मालक गेले, मॅडम. महिना झाला. सरनावर हे फुटतं म्हनले, म्हनून आधी काढून घेतलं. दीर म्हनले, अस्थींसंगं प्रवरासंगमला सोडून देऊ. मी न्हाई दिलं. आज तारीख हाय. तपासा.”

कंपनीचा राजस मशीनवरून मान वर करून बघतच राहिला. यामिनींनी डब्यात डोकावून पाहिलं. “मावशी, आता ह्यात काय तपासायचं?”

“मी लेकीच्या बाळंतपनाला नेवाशाला गेल्ते. चौदा दिस. घरात हे एकलेच. सकाळी दूधवाल्यानं हाक मारली तवा कळलं.” रतनबाईंनी डबा पुढे सरकवला. “शेवटी लई दुखलं का? मला हाक मारली आसंल का? महिनाभर डोळ्याला डोळा न्हाई, मॅडम. ह्याला ठावं आसंल. दुसरं कोन हुतं तितं?”

बाहेर अठरा पेशंट ताटकळत होते. यामिनींनी यंत्र उचलून टेबलावर ठेवलं आणि राजसला मान हलवून खूण केली. राजसनं त्यावर चकती टेकवली. पडद्यावर हिरव्या रेघा उमटल्या.

“चालू आहे, मॅडम,” तो हळूच म्हणाला. “अजून ठोके देतंय. बॅटरी आठ वर्षं पुरेल.”

“आठ वर्सं!” रतनबाई म्हणाल्या. “आगं बाई.”

यामिनी बराच वेळ वाचत होत्या. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी रतनबाईंचा हात हातात घेतला.

“पहाटे चार वाजून अकरा मिनिटांनी ठोके एकदम वेडेवाकडे झाले. असं झालं की माणसाची शुद्ध काही क्षणांत जाते, मावशी. हाक मारायला सवडच मिळत नाही. तुम्ही शेजारच्या खाटेवर असतात, तरी तुम्हाला कळलं नसतं.”

रतनबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि मनसोक्त रडून घेतलं. महिनाभराचं साठलेलं ते. पंकजा सिस्टर पाण्याचा ग्लास घेऊन आली, तो तसाच राहिला.

राजस मात्र पडद्याशी अडखळला होता. “मॅडम, हे बघा ना. हे यंत्र रोजची हालचालही मोजतं. काका दिवसाला जेमतेम वीस मिनिटं चालायचे. आणि चार तारखेपासून रोज दीड तास?”

“छे! काहीतरी चुकलं असेल,” यामिनी म्हणाल्या. “गुडघे धरून बसायचे ते. चाला, चाला म्हणून मी किती रागवायचे.”

रतनबाईंचं रडणं थांबलं. “चार तारखंला मी नेवाशाला गेले.”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

“आमच्या वस्तीवरनं एष्टी स्टँड पाऊन तासावर हाय,” त्या हळूहळू म्हणाल्या. “त्यांच्या पायानं. जायला पाऊन, यायला पाऊन.”

राजसनं बोट खाली आणलं. चौदा उभ्या रेघा होत्या, सगळ्या जवळजवळ सारख्या. फक्त शेवटची दुप्पट उंच. “ह्या दिवशी तर तीन तास.”

“त्या दिशी मी सकाळी फोन केल्ता,” रतनबाई म्हणाल्या. “आज येते म्हनलं. दुपारच्या गाडीनं, न्हाईतर सांजच्या.”

“आणि?” यामिनींनी विचारलं.

“पोरीनं सोडलं न्हाई. एक दिस ऱ्हा म्हनली, बाळ कुटं अजून डोळं भरून बघितलंस. मी ऱ्हायले. रातच्याला फोन लावला, म्हनलं, उद्या येते, रागावू नका.”

त्यांनी हात पुढे केला आणि पडद्यावरच्या त्या उंच रेघेला बोट लावलं, खालून वर, पार टोकापर्यंत.

“तर म्हनले, ऱ्हा की निवांत. मी काय तुजी वाट बघत बसलोय व्हय?”