दौरा कार्यक्रम: व्हिएन्ना, दोन दिवस

‘व्हिएन्नात कोणी नातेवाईक?’ या रकान्यात राजाभाऊंनी ‘नाही’ लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

“अजून गिरवा,” अरुणा म्हणाली. “लांबून दिसायला हवं.”

व्हिसा केंद्रातल्या स्टीलच्या खुर्च्यांवर दोघं नवराबायको बसले होते. मधे एक खुर्ची रिकामी. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, हेमांगीने, व्हिएन्नात परस्पर लग्न केलं आणि इकडे फोटो पाठवला. त्या दिवसापासून नोएडाच्या घरात तिचं नाव घ्यायचं नाही, असा राजाभाऊंचा हुकूम होता. आणि आता तेच म्हणत होते, चलो, व्हिएन्ना बघून येऊ. शनिवार-रविवार. हिंडायचं, खायचं, सोमवारी परत. तिच्या घरी जायचं नाही.

शनि. ९.१० – बेकरी. नाश्ता.
शनि. ११.०० – बाग. बसणे.
शनि. १.०० – बेकरी. जेवण.

चौतीस वर्षं सरकारी नोकरीत दौऱ्यावर निघण्याआधी करायचे, तसाच त्यांनी टूर प्रोग्राम केला होता. वार, वेळ, ठिकाण, प्रयोजन. शेवटी पत्त्यांचं जोडपत्र. अरुणाने तो वाचला नव्हता. हातसुद्धा लावला नव्हता.

“मुलीच्या गावात जाऊन केक खायचा आणि परत यायचं,” ती म्हणाली. “हे तुम्हालाच सुचू शकतं.”

“हळू बोल.”

“सहा वर्षं हळूच बोलतेय.”

शनि. ४.३० – बेकरी. चहा.

दर दिवाळीला ती सरोजिनी नगरला मैत्रिणीकडे, सुमित्राकडे, जाते असं सांगून निघायची आणि तिथून पार्सल पाठवायची. मेतकूट, भाजणी, एखादा स्वेटर. पत्ता पाठ होता: लिंडनगासे १६, तिसरा मजला. आपल्याच मुलीला चोरून खाऊ पाठवावा लागतो, याचा संताप अक्षराअक्षरात उतरायचा. सुमित्रा म्हणायची, अगं, कागद फाटेल. पावती ती घरी आल्यावर बारीक फाडून ओल्या कचऱ्यात टाकायची.

रवि. ९.१० – बेकरी. नाश्ता.
रवि. १.०० – बेकरी. जेवण.
रवि. ४.३० – बेकरी. चहा.

त्यांचा नंबर आला. काचेपलीकडच्या मुलीने कागद चाळले आणि मधेच थांबली.

“अंकल, ये क्या है? दो दिन वियना में, और न पैलेस, न म्यूझियम. छह बार एक ही बेकरी?”

“हमें बेकरी पसंद है.”

“वहाँ कभी खाए बिना ही?”

तिने जोडपत्र उलटलं.

“पार्क भी उसी के सामने. सब कुछ सोलह, लिंडनगासे. और लिखा है, वहाँ आपका कोई नहीं. फिर यही गली क्यों? ऐसे तो रिजेक्ट हो जाएगा, अंकल.”

अरुणाने काचेखालून हात घातला आणि कागद ओढून घेतले.

राजाभाऊंचं टपोरं अक्षर. बेकरी, लिंडनगासे १६, तळमजला. बाग, १६ च्या समोर. बाकाचं तोंड रस्त्याकडे. खाली, प्रत्येक पत्त्याला पुरावा जोडायचाच या सवयीने टाचणी मारलेली एक पावती. गेल्या दिवाळीच्या पार्सलची. तेवीस तुकडे, चिकटपट्टीने जोडलेले. एका कोपऱ्यावर चहाच्या चोथ्याचा डाग.

राग उतरायला हवा होता. तो चढला.

“म्हणजे दोन दिवस तिच्या जिन्याखाली बसणार होतात,” ती म्हणाली. “मला केकचं सांगून.”

“पाव घ्यायला खाली येईलच की कधीतरी. दिसली असती.”

“दिसली असती. आणि मला कधी सांगणार होतात?”

“तू तरी कुठे सांगितलंस?”

अरुणाने त्यांच्या खिशातलं पेन काढलं. फॉर्म पुढे ओढला. ‘नाही’वर एवढी जोरात रेघ मारली की कागद फाटला. वर लिहिलं: मुलगी.

“नुसती खाडाखोड चालत नाही,” राजाभाऊ सवयीने म्हणाले. “शेजारी सही लागते.”

“मग करा.”

त्यांनी सही केली. पूर्ण. खाली तारीख घातली. काचेपलीकडून फॉर्मसाठी हात आला, पण राजाभाऊंनी पेन ठेवलं नव्हतं. त्यांनी टूर प्रोग्राम जवळ घेतला, शेवटच्या ओळीपाशी आले आणि तिथेही एक शब्द खोडला.

रवि. ४.३० – तिसरा मजला. चहा. (सही)