खुर्चीचं मत

"नेहमीसारखीच करू ना, साहेब?" दाजींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गालावर साबण थापायला सुरुवात केली. दाजींचं सलून परवा पाडणार होते. सरकारला रस्ता रुंद करायचा होता.

साहेबही आता सरकारात नव्हते, निवृत्त होऊन जमाना झाला. पण काय दिवस होते ते! राज्याला नवं धोरण आणायचं असलं की लोकांचं मत काढायला खात्यातर्फे साहेब इथे यायचे आणि कोपऱ्यातल्या बाकावर पेपर उघडून बसायचे. दाजी गिऱ्हाइकाच्या मानेला कापड बांधता बांधता हळूच पुडी सोडायचे, "काय हो, दारूची दुकानं लवकर बंद करणार म्हणे?" की सुटलंच गिऱ्हाईक! गळ्याशी वस्तरा असूनही माणसं काय तावातावाने भांडायची. संध्याकाळी साहेब पेपर मिटून, टिपून घ्यायला खिशातलं पेन काढून विचारायचे, "हं दाजी, आज खुर्ची काय म्हणते?"

"आणि तुमचं मत मध्ये घालायचं नाही हं," ही त्यांची सक्त ताकीद. दाजींनी ती जन्मभर पाळली.

"आता सगळं फोनवर," फेसातून वाट काढत साहेब म्हणाले. "हो असेल तर एक दाबा, नाही असेल तर दोन. तुम्हाला आला होता?"

"आला होता की. रस्ता रुंद करावा का म्हणून."

"दोन दाबलंत ना?"

"एक दाबलं."

साहेब गर्रकन वळले. दाजींनी वस्तरा वेळेवर उचलला म्हणून कान वाचला.

"डोकं ठिकाणावर आहे का, दाजी? स्वतःच्या हाताने स्वतःचं दुकान..."

"जो बसेल तो तेच म्हणत होता, साहेब. रस्ता मोठा झाला की सुटलो बुवा. मग सरकारला खोटं कसं सांगायचं?"

"अहो, त्यांनी तुमचं मत विचारलं होतं! तुमचं!"

दाजींनी वस्तरा खाली ठेवला. हे खरंच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

 अर्धी दाढी तशीच ठेवून साहेब उठले.

"बसा."

"कुठे?"

"खुर्चीत बसा म्हणतो ना."

इतक्या वर्षांत दाजी त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. आता बसले, ते अगदी कडेला, परक्याच्या घरी बसावं तसे. साहेबांनी कापड झटकून त्यांच्या मानेला बांधलं. गाठ काही नीट जमली नाही.

"बोला दाजी. रस्ता रुंद व्हावा का?"

दाजी आरशात बघत राहिले. त्यात मागचा बाक दिसत होता.

"नको हो, साहेब," ते म्हणाले. "राहू द्या ना."

साहेबांचा हात सवयीने वरच्या खिशाकडे गेला. पेन बाळगायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.