भिंगबाबांची टोपली

टोपलीतून ओंजळभर अळंबी उचलताना तिचा हात थांबला. एक अळंबी उलटी पडली होती. तिच्या छत्रीखालच्या चुण्या पांढऱ्याशुभ्र होत्या. चांगल्या अळंबीच्या गुलाबी असतात. ती सून होऊन घरात आली तेव्हा सासऱ्यांनी तिला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं. पांढरी खाल्ली तर लगेच काही होत नाही, आणि होतं तेव्हा डॉक्टरांच्याही हातात फारसं काही उरत नाही.

याच टोपलीतली पहिली पिशवी तिने आत्ताच शाळेतल्या बाईंना भरून दिली होती.

"बाबा," ती आवाज खाली आणून म्हणाली, "यात एक वाईट आलीय."

सासरे शेजारच्या स्टुलावर बसून अळंबीची माती बोटाने झटकत होते. त्यांनी मानही वळवली नाही. "माझ्या टोपलीत?"

"पांढरी आहे हो."

"उन्हात तसं वाटतं. गिऱ्हाईक बघ."

शेतकऱ्यांच्या या बाजारात त्यांना सगळे भिंगबाबा म्हणत. जंगलातून अळंबी आणणारे आणखी दोघे होते. तेही आपली टोपली आधी त्यांच्यापुढे ठेवत, आणि त्यांनी मान डोलावली की मगच दुकान मांडत. आज सकाळीही त्यांनी मान डोलावली होती. घरचा शिरस्ता तर आणखी कडक. बाबांनी पाहिलेल्या टोपलीत पुन्हा कुणी डोकवायचं नाही. तिच्या नवऱ्याने एकदा डोकावलं होतं, तर म्हाताऱ्याने आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला होता. त्यामुळे आज तिनेही डोळे झाकून पिशवी भरली होती. आता तिला स्वतःचाच राग आला.

तिने ती अळंबी कागदाच्या पुडीत गुंडाळली, पुडी एप्रनच्या खिशात कोंबली, टोपलीवर पोतं टाकलं आणि धावत सुटली.

सुगीचा बाजार, पाय ठेवायला जागा नव्हती. सफरचंदांच्या पेट्या, पालकाच्या जुड्या, मधाच्या बरण्या. तिने एका माणसाला कोपर मारलं आणि माफी न मागताच पुढे गेली.

"काय गं, दुकान उचलून नेलं का कुणी?" भोपळेवाली ओरडली.

"शाळेतल्या बाई कुठे गेल्या?"

"बसकडे. अगं पण झालं काय?"

बस सुरू झाली होती. तिने दारावर दोन्ही तळहात आपटले. ड्रायव्हरने कपाळाला आठ्या घालून दार उघडलं. बाई खिडकीजवळ बसल्या होत्या आणि पिशवी मांडीवर होती.

"बाई, पिशवी द्या. तुम्हाला शिळा माल गेला चुकून," ती म्हणाली. खरं सांगायला जीभ रेटेना. भरल्या बसमध्ये सासऱ्यांचं नाव घालवायचं कसं?

"शिळा कुठे? मी बघितला की. छान आहे," बाई हसल्या. "राहू द्या हो. पोरं वाट बघतायत, गेल्या गेल्या रांधायचंय."

पोरं म्हटल्यावर तिने पिशवीवरच हात ठेवला.

"बाई, त्यात विषारी असू शकते."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"भिंगबाबांच्या टोपलीतली?" त्यांनी विचारलं.

तिने पिशवी घेतली, खाली उतरली आणि थांब्याच्या बाकड्यावर पालथी केली. एकेक अळंबी उलटून पाहिली. गुलाबी. गुलाबी. गुलाबी. मग एक पांढरी. तिने ती जमिनीवर टाकून टाचेने पार चिरडली. बाकीचा माल कचऱ्यात गेला. बाई बसच्या दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

ती दुकानाकडे परत निघाली. वाचलो, असं वाटत होतं, आणि त्याच वेळी डोक्यात तिडीक जात होती. एक अळंबी नजरेतून सुटू शकते. म्हातारा झाला तरी माणूसच आहे. पण दोन? आणि वर ही ऐट!

सासरे स्टुलावर तसेच बसले होते. अळंबीवाल्या दोघांपैकी एकजण त्यांच्यापुढे उकिडवा बसला होता. पहिला माल संपला म्हणून गाडीतली दुसरी टोपली त्याने दाखवायला आणली होती.

"बाबा, बाईंच्या पिशवीतही एक निघाली," ती धापा टाकत म्हणाली. या वेळी तिने आवाज खाली आणला नाही. "पोरांच्या पोटात गेली असती!"

उकिडवा बसलेला माणूस कावराबावरा होऊन दोघांकडे पाहू लागला.

"चार लोकांत तमाशा करू नकोस," सासरे कडाडले. "माझा जन्म गेला यात. दाखव बघू, कसली पांढरी म्हणतेस ती."

"दाखवते ना." तिने खिशातून पुडी काढली. "पण हात लावू नका. नुसतं बघून सांगा."

तिने पुडी त्यांच्यासमोर उघडली. कागद बुडाशी फाटला होता. धावपळीत अळंबी कुठे गळून पडली कोण जाणे. तळहातावर नुसता चुरगळलेला पांढरा कागद होता. पडली वाटतं, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

पण तोवर सासरे पुढे झुकले होते. त्यांनी डोळे बारीक केले, मान एकदा डावीकडे कलती केली, एकदा उजवीकडे, आणि त्या कागदाकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग सकाळी डोलावली होती तशीच मान डोलावली.

"चांगली आहे ही," ते म्हणाले. "टाक परत टोपलीत."