दहा जण हवेत

दुपारच्या पाळीला शालन गुरव एकटीच होती. नगरसेवक बाबर यांच्या छातीवरचा कॅमेरा कायद्याने दिवसभर चालू असे आणि वॉर्डातल्या कुणालाही तो मोबाइलवर बघता येई. कोण बघतंय ते बाबरांनाही दिसे. मात्र एका वेळी दहा जण बघत असले, तरच चित्रण जपलं जाई. म्हणून सोसायटीने दहा-दहा जणांच्या पाळ्या लावल्या होत्या. आज बाकीचे नऊ जेवून आडवे झाले होते.

काल वॉर्डाचा पाण्याचा टँकर बाबरांच्या मेव्हण्याच्या हॉटेलात रिकामा होताना दहाही जणांनी पाहिला होता. तक्रारीवर सही मात्र एकट्या शालनने केली होती.

आता पडद्यावर एक जिना दिसत होता. कठड्यावर वाळत घातलेलं पायपुसणं दिसलं, तेव्हा तिला कळलं की जिना आपलाच आहे.

तिने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "पटकन बाबरांचा कॅमेरा लावा. सगळ्यांनी."

आकडा चढू लागला. तीन, सहा, नऊ. आता एकच हवा होता. तेवढ्यात पडद्यावर तिचं दार आलं, त्यावरची नावाची पाटी आली. आकडा थबकला. मग चार झाला, मग एक. समोरच्या फ्लॅटची कडी आतून लागली.

बेल वाजली.

"शालनताई," बाबर बाहेरून शांतपणे म्हणाले, "आता आपण दोघंच आहोत."

क्षणभराने तेच शब्द तिच्या हातातल्या मोबाइलमधून पुन्हा ऐकू आले.