सज्जन तेल

"गांज्याच्याच झाडाचं ना?" साहेबांनी करंगळीएवढी बाटली दिव्यासमोर धरून विचारलं.

विमानतळावरच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत नाही म्हणायची सोय नव्हती. लेबलवर पानच छापलं होतं. आईने मांडीवरच्या लेकीला, ठकीला, घट्ट धरलं आणि सांगितलं, हिच्या फिटचं औषध आहे, रोज संध्याकाळी द्यायचं, चुकवायचं नाही. डॉक्टरांची चिठ्ठीही पुढे केली.

"चिठ्ठी तिकडची आहे, ताई. तुरुंग इकडचा."

साहेब माणूस प्रेमळ होता. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. एकाच झाडाची दोन लेकरं. धाकटं सज्जन, औषधात चालतं, कायदा त्याच्या वाटेला जात नाही. थोरलं नशेचं; ते नखभर सापडलं तरी दहा वर्षं आत. भावंडं दिसायला सारखी, म्हणून मशीनला विचारावं लागतं.

मशीन काचेपलीकडे होतं. तपासनीस बाईंनी नळीने तेल ओढलं. मशीन घुमलं, गप्प झालं. नियमाप्रमाणे पुन्हा तपासणी. मग साहेबांच्या साहेबांसाठी वेगळी. मग मशीन खरं बोलतंय का ते बघायला आणखी एक.

दर खेपेला ती काचेला डोळे लावायची. थोरलं निघालं तर? आपण आत, मग ठकी कोणाकडे? बाहेर एव्हाना संध्याकाळ झाली असणार. तोवर एक थेंब देऊ का, असं तिने चाचरत विचारलं. साहेबांनी जीभ चावली. पुराव्याला हात लावणं हा वेगळा गुन्हा होता, आणि त्याला जामीनही नव्हता.

फिट यायच्या आधी ठकीचा डावा हात फडफडायचा. आई तो हात मुठीत आवळून बसली.

अखेर साहेब हसत आले.

"सुटलात, ताई. तेल सज्जन निघालं. थोरल्याचा मागमूस नाही."

त्यांनी बाटली दोन्ही हातांनी, मानाने परत केली. झाकणावर लाखेचं ताजं सील होतं. आत काहीच नव्हतं.

"तेल?"

"सगळं तपासायला लागलं ना. त्याशिवाय खात्री कशी देणार?"

बाटली घ्यायला तिने मूठ सोडली होती. ठकीचा डावा हात हलायला लागला.

"गुणी आहे हो पोर," म्हणत साहेबांनी तिला उलट टाटा केला.